अहोंची बालशाळा

ठाणे, ता. ९ जानेवारी १८९३, सोमवार.
संकल्प पक्का. उद्यापासून आमच्या ओसरीवर बालशाळा. पाच वर्षांखालच्या मुलांना पाटी नाही, छडी नाही. लाकडी चेंडू, ठोकळे, गाणी. जर्मन सिस्टिम. हेतू निव्वळ सार्वजनिक. चि. विश्राम तीन वर्षांचा होत आला तरी एक शब्द बोलत नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. खरे विचारता, थोडा आहे.

ता. १०.
मुख्य नियम: मुलांना अरे-तुरे करायचे नाही. प्रत्येकास अहो. आदर मिळाला की बुद्धी फुलते. कुटुंबास समजावले. कुटुंब म्हणाले, "अहो, आधी त्याला भूक लागली एवढं म्हणू दे, मग फुलवा." दृष्टी संकुचित.

ता. १२. संक्रांत.
सखुबाई मिठागरावर जाताना आपला धाकटा मुलगा पोपट याला ओसरीवर सोडून जाते. "अहो पोपटराव, हा गोल पाहा," म्हटले की तो मागे वळून बघतो. सखुबाई म्हणाली, "मास्तर, त्याला अहो नको बोलू. त्याला वाटतं पाठी फौजदार आयला." मी हसलो नाही. गोल या विषयावर बोललो. मुले झोपली. एकाग्रतेचीच एक पायरी.

ता. १७.
विश्रामने ठोकळा चाटला. जिज्ञासा!
सकाळपासून एक शंका छळते आहे: मीच फार बोलतो काय? दोन्ही बाजूंनी विचार केला. ऐकल्यावाचून मूल बोलणार कसे? उद्यापासून दुप्पट बोलायचे.

ता. २३.
अनर्थ. "अहो" हे माझेच नाव, असा मुलांचा समज झाला आहे. तळ्यावर पोपट लांबून ओरडला, "ओ अहो! अहो!" पाणी भरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घरी कुटुंब फणकारले: "इतकी वर्षं ही हाक दाराआडून मारली. आता सगळी आळी मारते. मी काय म्हणून बोलावू?" सिस्टिममध्ये दोष नाही. अंमलबजावणीत असेल.

ता. ३०.
कल्याणचे एक रावसाहेब शनिवारी शाळा पाहायला येणार. पसंत पडली तर आपल्या वाड्याची पडवी देतील. कुटुंब म्हणाले, "पडवी राहू दे. विश्रामला वैद्यबुवांना दाखवू या. मला भीती वाटते हो." मी म्हणालो, शनिवारी बोलेल. का म्हणालो, कोण जाणे. तेव्हापासून घरभर येरझारा. बसवत नाही.

ता. ४ फेब्रुवारी, शनिवार.
रावसाहेब आले. विश्रामला मांडीवर घेऊन मी सुरुवात केली. चेंडू, ठोकळा, बालमन, राष्ट्र. मुले चुळबुळू लागली. रावसाहेबांनी घड्याळ काढले. "आता दुसरा मुद्दा असा," म्हणतो तोच विश्रामने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि स्वच्छ, खणखणीत, थेट आईच्या सुरात बोलला:
"अहो, पुरे आता!"
रावसाहेब इतके हसले की पागोटे सुटले. पडवीचा विषय निघाला नाही. दाराआड कुटुंब रडत होते की हसत, कळले नाही. बहुधा दोन्ही. पोपटाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी.
पद्धत सिद्ध झाली, असे सविस्तर टिपण लिहायला बसलो. शब्द कुणाकडून शिकला, हा प्रश्न गौण. म्हणजे अगदीच गौण नव्हे, कारण
विश्राम शेजारी बसला आहे. पुटपुटत लिहिण्याची मला सवय. त्याने वर पाहिले.
थांबतो.