सुरुवात म्या कापली

नीलम पोरी,

बापानं तुहा फोन बंद करायले लावला, म्हणून तुही आत्या कागदावर लिवून राहिली. तुहा बाप, माहा देवमनभाऊ, उद्या पहिल्या एसटीनं अमरावतीले येऊन राहिला, कॉलेजातून तुहं नाव काढायले.

"पोरगी साऱ्या जगापुढं मले म्हणते, तुमी माहे बाप नाही," असं म्हणते तो. सकाळपासून जेवला नाही.

जुन्या नाटकातली राजाची पोरगी बापाले तसं बोलते, हे तू इन्स्टाच्या व्हिडिओत अगोदर सांगतलं होतं. नाटक कोणतं, अभ्यासाले काहून आहे, सारं. मंग तिचं बोलणं म्हणून दाखवलं. मले ते चऱ्हाट वाटलं. म्या सुरुवात कापली अन् बाकीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. आपली पोरगी कशी कडक बोलते, ते लोकायनं पाहावं, एवढंच मनात होतं.

भावानं विचारलं, "मैने, हिनं असं काहून केलं?"

म्या म्हटलं, "वयच तसं आहे तिचं."

खरं सांगायले जीभ उचलली नाही. त्याच्यापुढं सदा मीच शहाणी.

पण तुले लिवून त्याची गाडी थांबत नाही. हा कागद राहू दे इथंच. अख्खा व्हिडिओ माह्या मोबाईलमंधी आहे. तो घेऊन त्याच्या घरी चालली.

तुही आत्या,
मैना, बार्शीटाकळी