चौकोन भरलेले बरे

३ नोव्हेंबर
आजपासून कारखाना माझ्या हातात. आठ वर्षं इथे मॅनेजर आहे म्हणा, पण बायकोचा मोठा भाऊ मालक असला की मॅनेजर म्हणजे ऑफिसात बसून फोन उचलणारा. शेडमध्ये लुडबुड फक्त मेहुण्यांची.
त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. निघताना माझा हात धरून म्हणाले, दाजी, वाढवू नका, कमी करू नका, आहे तसा परत द्या, दोन घरं यावर चालतात.
आहे तसा! आजारी माणूस म्हणून गप्प बसलो. मी दुप्पट करून परत देणार. तेव्हा बघू कोण कोणाला साहेब म्हणतं ते.

४ नोव्हेंबर
सिस्टीम समजून घेतली. कपाळावर हात मारला.
आम्ही फोमच्या गाद्या करतो. ओतकामाचे मास्तर लाकडी पेटीत रसायन ओततात, ते फुगून कपाटाएवढा ठोकळा होतो. ठोकळा मग मागच्या खोलीत ठेवायचा. तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखलेत. एका चौकोनात एक ठोकळा, आणि मध्ये माणूस आरामात आडवा होईल एवढी जागा मोकळी. दुकानाची ऑर्डर आली की कटिंगच्या मावशी एक ठोकळा ओढून नेणार. चौकोन रिकामा दिसला की मास्तर नवा ओतणार. रिकामा दिसलाच नाही तर? तर मास्तर बसून राहणार. पगारी!
मेहुणे मोठ्या कौतुकाने याला पुल सिस्टीम म्हणतात. गिऱ्हाईक ओढेल तेवढंच करायचं. म्हणजे पाहुणा दारात आल्यावर चहाची पावडर आणायला धावायचं.
माझं तत्त्व पुश. माल करा आणि ढकला. दुकान गाद्यांनी गच्च भरलं की दुकानदार झक मारत विकतो.

६ नोव्हेंबर
मास्तरांना सांगितलं, ओता. म्हणाले, चौकोन रिकामा नाही. म्हटलं, मी सांगतोय ना! म्हणाले, तुम्ही सांगताय ते खरंच साहेब, पण चौकोन रिकामा नाही. कारण विचारलं. म्हणाले, मोठ्या साहेबांचा नियम आहे.
म्हणजे नियम आहे म्हणून नियम आहे. धन्य!

९ नोव्हेंबर, रविवार
डोकं चाललं. कारखान्यात एकटाच गेलो. पिवळ्या रंगाचा डबा, ब्रश, पट्टी. मधल्या फुकट जागांमध्ये नवे चौकोन आखले. कंबर कामातून गेली, पँटही गेली. हिने विचारलं, हा पिवळा रंग कसला? म्हटलं, मॅनेजमेंटचा.

१० नोव्हेंबर
मास्तर आले. चौकोन पाहिले. बाहेर गेले, परत आले, पुन्हा पाहिले. मग ओतायला लागले ते संध्याकाळपर्यंत. मावशी मात्र आल्यागेल्या प्रत्येकाला विचारत होत्या, काल इथे कोण आलं होतं?
माणसांशी वाद घालू नये. त्यांच्या नियमाच्या पोटात शिरून काम करून घ्यावं. यावर मी लेक्चर देऊ शकेन.

१९ नोव्हेंबर
दुकानांना न मागता गाद्या धाडल्या. एका दुकानदाराचा फोन आला. तोंडाचा पट्टा सुरू. म्हणे, तुमच्या गाद्यांमुळे दुकानात मलाच जागा नाही, मी फुटपाथवर स्टूल टाकून बसलोय. म्हटलं, अहो, ही तर जाहिरात झाली! त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

२७ नोव्हेंबर
बराच माल परत आला. तात्पुरता आमच्याकडे. पलंगावर पाच गाद्या झाल्यात. ही स्टुलावर चढून झोपायला जाते. मी उठून बसलो की डोकं पंख्याच्या जवळ जातं. ही म्हणाली, खपत नाहीत तर करता कशाला? आता हिला मार्केटिंग कुठून शिकवत बसू?

१ डिसेंबर
थंडी पडलीय. मागची खोली मात्र काय छान उबदार झालीय! माणसं डबे घेऊन तिथेच जेवायला बसतात, टेकून डुलक्याही काढतात. फुकटचा हीटर. पूर्वीच्या व्यवस्थेत ही सोय नव्हती. थोडा करपट वास येतो. सवय होईल.

५ डिसेंबर
मेहुण्यांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच रडली. मलाही भरून आलं. काहीही म्हणा, माणूस सोन्यासारखा आहे. बरे होऊन येतील तेव्हा त्यांना असा कारखाना दाखवीन की बघत राहतील.

११ डिसेंबर
मावशींनी ठोकळ्याचा कापलेला तुकडा ऑफिसात आणून टेबलावर आदळला. बाहेरून पांढराशुभ्र, मधोमध तपकिरी. म्हणाल्या, चपातीसारखा भाजलाय. असे रोज निघतात म्हणे, आणि तपकिरी भाग रोज मोठा होतोय.
तासभर विचार केला. मग लेबलं छापायला दिली. ‘गोल्डन कोअर’. दर थोडा जास्त ठेवला.

१५ डिसेंबर
मेहुण्यांचा हॉस्पिटलमधून फोन. आवाज अगदी खोल गेलाय. पहिला प्रश्न, चौकोन कसे आहेत? म्हटलं, सगळे भरलेले, काही काळजी नको. त्यांनी विचारलं, रिकामा होतच नाही का एकही? म्हटलं, होऊच देत नाही! मग म्हणाले, दाजी, ओतणं बंद करा, आजच बंद करा. श्वास लागला होता. हिने फोन ओढून घेतला आणि भावाला दटावलं, दादा, तू आधी गप्प पड बघू.
डॉक्टरांनी ताण घेऊ नका असं बजावलंय. म्हणून ठरवलं, यापुढे त्यांना कारखान्याचं काहीच सांगायचं नाही. ओतणं बंद करायचं का, यावरही विचार केला. पण आजारी माणसाच्या बोलण्यावर धंदा चालवायचा नसतो.

१८ डिसेंबर
जमीन संपली. मग मी शिडीवर चढून ठोकळ्यांच्या डोक्यावरच पिवळे चौकोन आखले. मास्तर खाली उभे राहून बघत होते. मी उतरल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, साहेब, घरी सगळं बरं आहे ना? म्हटलं, उत्तम! ते ओतायला गेले.
आज जेवायला त्या खोलीत कोणीच बसलं नाही. मास्तर म्हणाले, आत डोळे चुरचुरतात. लाड झाले फार.

२० डिसेंबर, शनिवार
ओव्हरटाइम लावला. खोली छपरापर्यंत भरली. खालचे, वरचे, सगळे चौकोन भरलेले. छाती फुगली. दार मी स्वतः खांद्याने रेटून लावलं. कडी गरम लागली. दिवसभराचं ऊन असणार. (दार सावलीत येतं. पण ऊन फिरतं.)

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी वॉचमनचा फोन. मागच्या खोलीतून धूर.
पोचलो तेव्हा छप्पर नव्हतं. काळा धूर, वितळलेलं काहीतरी टपटपत होतं, बंबवाले आम्हाला मागे हाकलत होते. आग मागच्या खोलीतून ओतकामात गेली, तिथून कटिंगमध्ये. दुपारी नुसत्या भिंती उरल्या.
आत कोणी नव्हतं. पण वॉचमन दार उघडायला धावला होता. दोन्ही हात भाजले. त्याची बायको फाटकाशी बसून होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

२२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. आग कशाने लागते? शॉर्ट सर्किटने. सगळ्यांचे कारखाने शॉर्ट सर्किटनेच जळतात. यात कोणाचाच दोष नसतो. चौकोनांचा प्रश्न येतोच कुठे? तेही जळाले.
ठरलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाजात थोडं दुःख हवं. तेवढं आपोआप येतंय.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
मेहुणे आज डॉक्टरांशी भांडून आले. आधी वॉचमनला भेटले, मग कारखान्यात. हिने एका बाजूने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मास्तरांनी. राखेत उभे राहिले आणि छातीवर हात ठेवला. मी घाबरलो. खरंच घाबरलो.
त्यांनी आधी विचारलं, दाजी, तुम्ही बरे आहात ना? तुम्हाला कुठे भाजलं नाही ना?
एवढंच विचारलं. मला वाटलं पायांत पडावं. पण पाठांतर तोंडाशी आलेलं होतं. सुरू झालो. शॉर्ट सर्किट, मागच्या खोलीतली जुनी वायर, बोर्डातून ठिणगी उडाली असणार, आपण बदलूया म्हणत राहिलो आणि राहून गेलं. हातवारे करून सगळं समजावलं. मावशी दुसरीकडे बघत होत्या. मास्तरांनी मान खाली घातली होती.
मेहुण्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, दाजी, त्या खोलीत मी वीज कधी घेतलीच नाही. ताजा ठोकळा आतून धगधगत असतो. एक वायर नाही, एक दिवा नाही. छताला काचेचे पत्रे होते, त्यातून उजेड यायचा.
दीड महिना मी त्या खोलीत फिरत होतो. वर एकदाही पाहिलं नाही.
हिने माझ्याकडे पाहिलं. भावाला सावकाश गाडीपर्यंत नेलं, त्याच्या शेजारी बसली. मी मागोमाग गेलो तोवर गाडी निघाली होती.
चालत घरी आलो. दाराला कुलूप होतं. चावी हिच्याकडे.