एकोणीस बाटल्यांचं पुस्तक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यकृताचाही दाखला त्यांनीच दिला; तिथे ठिकाणावर काही उरलेलं नाही.

१. दाभण, सुया, सरसाचं भांडं आणि लोखंडी दाब माझा जुना सोबती मौनी याला द्यावा. (तोंडाला कधी कुलूप नाही, म्हणून हे नाव.) कागद कापायचं यंत्र मोडीत काढावं. जुन्या मालकांच्या मुलाने मागितलं तरी देऊ नये. काम भरभर उरकावं म्हणून त्याच्या वडिलांनी पात्यापुढची जाळी काढली, आणि चोविसाव्या वर्षी माझं मनगट त्याखाली आलं. कारखाना बुडाला तेव्हा यंत्र मीच विकत घेतलं, आणखी कुणाचा हात जाऊ नये म्हणून.

२. त्या दिवशी, एकोणीस नोव्हेंबरला, मला दोन बाटल्या रक्त चढवलं. कुणाचं, कोण जाणे. शाळेत गुरुजींनी उपकार फेडण्याच्या कविता तालावर पाठ करून घेतल्या होत्या, आणि मी वेड्यासारखा त्या खऱ्या मानल्या. पुढे दरवर्षी त्याच तारखेला रक्त देत गेलो. एकोणीस प्रमाणपत्रं जमली. त्यांचं मी कातडी पाठीचं पुस्तक बांधलं. विसाव्या खेपेला रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या, "दादा, आता पुरे. तुमचं नको." मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, मान राखला.

३. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात अडली तेव्हा तिने हट्ट धरला, "परक्याचं रक्त नको, माझ्या दादाचंच द्या." सगळ्यांना पटलं; त्या वर्षीची माझी बाटली तारखेआधीच तिला गेली. घरचं ते चांगलं, असंच आम्ही समजत होतो. बाळ गेलं, ती वाचली. "आता तू माझा दुप्पट भाऊ," म्हणाली. तीन वर्षांनी भाची झाली.

सहा वर्षांपूर्वी बहीण यकृताच्याच दुखण्याने गेली. हिपॅटायटिस सी. तेव्हा माझीही तपासणी झाली आणि उलगडा झाला. त्या दोन बाटल्यांतून मला, माझ्याकडून तिला. आमच्या तरुणपणी ही तपासणीच नव्हती; माझ्या विसाव्या खेपेला नुकती आली असावी.

उरलेले अठराजण शोधायला मी ते पुस्तक घेऊन रक्तपेढीत गेलो. प्रत्येक प्रमाणपत्रावर बाटलीचा क्रमांक आहे. कारकून म्हणाला, "आजोबा, तेव्हाची रजिस्टरं कधीच रद्दीत गेली." ती रजिस्टरं मीच बांधली होती. दुहेरी शिलाई, शंभर वर्षं हलणार नाही अशी.

पुस्तक जाळू नये. कुणी विचारत आलं तर दाखवावं. कुणी येणार नाही.

४. राहतं घर आणि बँकेतली ठेव भाचीला. तिने तपासणी केलेली नाही. आईकडून लागण झाली असेलच असं नाही, आणि वेळेत कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जाते. परवा पुन्हा विनवलं.

"मामा, आईची शेवटची तीन वर्षं मी उशाशी बसून काढली. मला कळून घ्यायचं नाही."

"अगं, आता औषध निघालंय."

"तुझ्यासाठी निघालं?"

"मला उशीर झाला."

"मग मलाही झाला असेल," म्हणाली आणि चहाचे कप विसळायला गेली.

वकील म्हणतात, तपासणी केली तरच घर, अशी अट घालता येते. मी घालत नाही. ज्याने स्वतः कारण विचारलं नाही, त्याने अट कुठल्या तोंडाने घालावी?

५. देह वैद्यकीय विद्यालयाला द्यायचा होता. असं रक्त असलेला देह ते घेत नाहीत. जाळावा.

६. शाळेतलं कवितांचं पुस्तक भाचीला. आधी माझं, मग बहिणीचं; पुठ्ठा तीनदा बदललाय. शेवटच्या दिवसांत बहिणीने नदीची कविता मागितली, तर दुसरं कडवं मलाच आठवेना. भाचीने दारातून घडाघडा म्हटलं.

तिच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी त्याच पानात ठेवली आहे. पण ती कविता तिला तोंडपाठ आहे. ते पान ती उघडणार नाही.

सही (डाव्या हाताची)
पुस्तकबांधणीवाला

त्याने आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर:
१. डॉक्टर
२. शेजारचे घड्याळजी

स्थळ: बांधणीची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर