तुला कुणी विचारलं नाही

खडवली, आश्विन शके १८१३

प्रिय तुळसा,

अक्षर नाथाचं आहे, बोलणं माझं. शाळेचे मास्तर तुला हे वाचून दाखवतील. काकाला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

इथे यंदा भात बरं आहे. नदीचं पाणी गोड आहे, पण मला अजून कोपरच्या खाडीचा वास आठवतो. तुझा बा पटकीनं गेला, तेव्हा मी मिठागरावर राबायचे आणि तू बांधावर बसून माझी वाट बघायचीस. पुढे मी नाथाशी पाट लावला. आपल्यात पाट चालतो, म्हणून वाटलं कुणी काही म्हणणार नाही. पण धाकूकाका ठाण्याच्या कोर्टात गेला. विधवेनं दुसरं घर केलं की पहिल्या नवऱ्याची माणसं पोराचा ताबा मागू शकतात, असं कायद्यात आहे म्हणे.

त्या दिवशी आपल्याआधी एका देवीच्या जमिनीचा दावा चालला. वकील म्हणाला, "साहेब, कायद्यापुढे देवीही माणसासारखीच. तिच्या वतीनं कुणीतरी बोललंच पाहिजे." साहेबानं मान डोलावली आणि पुजारी देवीसाठी बोलला. मग आपला पुकारा झाला. काका बोलला, वकील बोलले, मलाही दोन शब्द विचारले. तू फरशीवर बसून पायातला वाळा फिरवत होतीस. तुला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. ताबा काकाला मिळाला. बाहेर काकानं तुला उचललं, तेव्हा तू ओरडलीस, "आये, मी काय केलं गं?"

काका वाईट नाही. भावाची पोर म्हणून त्यानं तुला जपलं, हे ऐकून आहे. पण मला त्यानं ओटीवरही चढू दिलं नाही. तुला धाडलेलं परकर-पोलकं तसंच परत आलं. आता तू केवढी झालीस, तेही मला ठाऊक नाही.

मी पुन्हा अर्ज केला आहे. वकील सांगतात, आता नवा कायदा आला. पोर कळती असेल तर साहेब तिची इच्छा विचारू शकतो. दिवाळीनंतर तुला ठाण्याला बोलावतील, कुणाकडे राहतेस म्हणून विचारतील. तुला ओढून घ्यायला हे लिहवून घेत नाही, बाय. काकूचा लळा लागला असेल, तर तसंच सांग. मी समोर रडत असेन, तिकडे बघू नकोस. नुसती मान हलवू नकोस, तोंडानं बोल. साहेबानं ते लिहून घेतलं पाहिजे. मग ते माझ्याविरुद्ध का असेना.

तुझीच, अजूनही तुझीच,
आय सगुणा