मामांच्या कामाचं नसलेलं औषध

रविवार, संध्याकाळ, २००४

भांडगावला जाऊन मामांना बघून आले. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. यकृताचा कॅन्सर आता सगळीकडे पसरलाय.

शुक्रवारी पुण्यात लॅबमध्ये केवढी खूश होते मी. यकृताच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये आधी बाहेरचं एक जनुक सोडलं, मग त्यांना मरायला लावणारं प्रथिन दिलं. नुसतं एक दिलं की फारसं काही होत नव्हतं. दोन्ही मिळून काचेच्या बशीत वाढवलेल्या बहुतेक पेशी मेल्या. आनंदाच्या भरात मामीला फोन केला. कशाला केला?

आज ती चहा करायला आत गेल्यावर मामांनी विचारलं, "तुझ्या औषधानं कॅन्सर मरतो म्हणं. मला कवा देतीस?"

ते पिवळे डोळे माझ्यावरच होते. म्हटलं, "मामा, ते अजून काचेच्या बशीतच आहे. चांगल्या पेशी मारेल का, तेही कळलेलं नाही. माणसाला द्यायला खूप वर्षं लागतील."

"म्हंजी माझ्या कामाचं न्हाई."

"नाही, मामा."

त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाले, "मामीला सांगू नगंस. ती त्याच्याच आशेवर दोन घास खातीया."

मामी हायवेपर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तशी माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या खेपेला थोडं तरी घिऊन ये, बाई. तुझ्या सायबाला म्हणावं, घरचंच माणूस हाय."

मी "बघते" म्हटलं. तिचा चेहरा इतका उजळला, की गाडी सुटेपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.