वर्लिनने भरलेली काडतुसं

३ ऑगस्ट, रविवार

पावडर अजून ठरत नाही! मला मागणी घालायला या माणसाला दोन संध्याकाळी पुरल्या होत्या. मॅग्नम बंदुकीच्या काडतुसात कुठली दारू भरायची यावर मात्र सगळा जुलै गेला. गॅरेजमधून बाहेर येतच नाही. जेवताना मीठ मागितलं तर म्हणतो, "हळू जळणारीच हवी, नोरीन."

मला बोलायला तोंड नाही म्हणा. रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना माझ्या नावावर निघालाय. जन्मात एकदाच मिळतो तो! लग्नापासून दोघंही सोडतीत नाव घालतोय आणि निघालं माझं. वर्लिनचा गुडघा आता कडा चढू देत नाही, म्हणून मी आणि माझा भाऊ ऑर्व्हल जाणार. वर्लिन म्हणाला, "मेंढा तुझा, काडतूस माझं." दुकानातलं काडतूस आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. त्याच्या मते ते म्हणजे पाहुण्यांना डब्यातलं सूप वाढणं.

९ ऑगस्ट

त्याची नेहमीची पावडर कुठेच मिळत नाहीये. पार मिसूलापर्यंत फोन झाले. घरात हळू जळणाऱ्या दोन आहेत. एक जोरकस, पण उन्हात तापली की अंगात येते तिच्या. दुसरी जरा मंद, पण वर कड्यावर पहाटे बर्फ असो की दुपारी ऊन, सारखीच वागते. "वेग थोडा कमी पडला तरी चालेल," म्हणाला. "भरवसा हवा."

तर ठरली! हिरव्या झाकणाची.

२१ ऑगस्ट

मन थाऱ्यावर नाही.

काडतुसं भरून झाली म्हणून कॉफी घेऊन गेले, तर टेबलावर दोन डबे. दोन्ही उघडे! हिरव्या झाकणाचा, आणि शेजारी लाल झाकणाचा. लाल म्हणजे त्याच्या छोट्या बंदुकीची, भसकन जळणारी पावडर. ती मॅग्नममध्ये गेली तर बंदूक तोंडावर फुटायची. दिसायला दोन्ही सारख्याच, काळ्या बारीक काड्या.

टेबलावर एका वेळी एकच डबा, हा याचाच नियम. तो मोडला म्हणून स्वतःच्या भावाला एकदा गॅरेजमधून हाकललं होतं.

"हा लाल इथे कशाला?" मी विचारलं.

त्याने लाल डबा उचलला, वरचं लेबल वाचलं. मग म्हणाला, "नुसताच काढला होता."

नुसताच! मागच्या महिन्यात ट्रक बंद करायचा विसरून पोस्टात गेला होता, तसा नुसताच?

२२ ऑगस्ट

सकाळी म्हटलं, सगळी फोडून पुन्हा भर. भडकला. "चाळीस वर्षं भरतोय मी. एक तरी फुटलं का?" मीही गप्प बसले नाही. "एक फुटलं तर दुसऱ्याची वेळ येत नाही!" दार आपटून गेला. नाश्ता तसाच राहिला.

२९ ऑगस्ट

अबोला. वर्लिन बंदूक घेऊन एकटाच खडीच्या खाणीवर नेम बघायला, बंदुकीवरची दुर्बीण काडतुसाला जुळवायला गेला. येऊ का विचारलं तर नको म्हणाला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

१ सप्टेंबर

केलं. गॉर्डीच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन काडतुसं विकत आणली. चोरासारखं वाटलं. गॉर्डीने तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाला, "शेवटचाच डबा राहिलाय, बाई. आणि मी काही बघितलं नाही."

बहिणीकडे जाते सांगून खाणीवर गेले. पहिलीच गोळी बरोबर मध्यात! काडतूस बदललं की दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते, पण हातसुद्धा लावावा लागला नाही. नशीब म्हणायचं.

५ सप्टेंबर

निघायची तयारी. वर्लिनने त्याचा काडतुसांचा डबा हातात दिला, चिकटपट्टी लावून बंद केलेला. वर त्याच्या अक्षरात "नोरीन, मेंढा". म्हणाला, "डोळे मिटून गोळी झाड." म्हटलं, डोळे मिटले तर मेंढा कसा दिसेल? हसला. किती दिवसांनी! डबा पिशवीच्या तळाशी ठेवला. गॉर्डीची काडतुसं खिशात. स्वतःची लाज वाटली.

१३ सप्टेंबर

मिळाला! मोठा, म्हातारा, एक शिंग टोकाला झिजलेलं. एकच गोळी. ऑर्व्हल माझ्यापेक्षा जास्त नाचला. पाय मोडून आलेत, उद्या लिहीन.

१४ सप्टेंबर

वर्लिन अंगणातच शिंगांवरून हात फिरवत बसला. रडला चक्क. वारा कुठून होता, मेंढा उभा होता की बसलेला, सगळं विचारलं. फक्त रिकामं पितळ, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं टरफल, मागितलं नाही.

शिकारीहून कुणीही आलं की याचा पहिला शब्द, "पितळ दे." खुशाली नंतर. ते पुन्हा भरायचं असतं ना! मी खिशात दुकानचं पितळ मुठीत धरून घामाघूम, आणि हा आपला मेंढ्याच्या वयावर बोलतोय.

१६ सप्टेंबर

अजून मागितलं नाही. कळलंय का याला? गॉर्डी बोलला असेल? की पितळ मागायचंच विसरला? ते तर जास्त वाईट. भांडी घासताना दोन कप फोडले.

आणि त्याचा डबा अजून माझ्या पिशवीत. त्यातलं एखादं त्यानेच उद्या बंदुकीत घातलं तर? नाही. तो बाहेर गेला की सगळी फोडून पावडर मातीत ओतणार.

१७ सप्टेंबर

वर्लिन गुडघा दाखवायला गेलाय. पट्टी काढून डबा उघडला. त्याची पितळं जुनी, चार-चारदा भरलेली, मळकट. ही सगळी कोरी करकरीत. गॉर्डीच्या दुकानातली, मी आणली तसलीच. त्याने भरलेलं एकही नाही. खाणीवर दुर्बीण जुळवली ती यांनाच.

गॅरेजच्या पायरीवर बसून खूप रडले. ट्रकचा आवाज येतोय.