आधी उचलून बघ

कांदिवली,
३ फेब्रुवारी २०२१

ती. स्व. सुलक्षणाआत्यास,
देवेशचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून कागद घेतला तो बाबांच्या अटीमुळे. मी घरात एक मशीन लावतोय आणि बाबा म्हणतात, आत्याचा होकार तिच्या अक्षरात आणून दाखव, मगच प्लग मिळेल. फोनवरचा होकार चालणार नाही, कारण फोनवर मी तुझ्याकडून काहीही वदवून घेतो म्हणे.

मी कामाला होतो तो बोरिवलीचा गेमिंग कॅफे लॉकडाऊनमध्ये कायमचा बंद झाला. मालक चंद्रप्रकाशभाईंनी तिथली सहा ग्राफिक कार्डं भागीदारीत माझ्या हवाली केलीत. ती एका मशीनला जोडली की दिवसरात्र गणितं सोडवतात आणि त्याबद्दल इंटरनेटवरचं नाणं मिळतं. याला मायनिंग म्हणतात. हसू नकोस. दहा महिने घरात बसून आहे मी, आत्या. आईसमोर पेपर वाचल्याचं नाटक करून करून कंटाळलो. हे काम मला नीट जमेल असं आतून वाटतंय, म्हणून हवंय.

कार्डांना वीज पुरवणारा डबा असतो, पॉवर सप्लाय. तोही आणलाय, एकच, दोन हजार वॉटचा, झकास स्वस्तात. तू घाटकोपरच्या वर्कशॉपात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार गुंडाळलीस, तुला एका वाक्यात कळेल.

बाबांचं एक सांगू? बाहेर पडताना ते मेन स्विच बंद करतात हे तुला ठाऊक आहेच. पण आता माझ्या लक्षात आलं, घरात आलेली नवीन वस्तू ते कधीच चालू करत नाहीत. मिक्सर, फ्रिज, परवाचा पंखा, पहिलं बटण दरवेळी आईने दाबलं आणि बाबा जिन्यात जाऊन उभे. तुझ्याच वर्कशॉपात टेस्टिंगला होता ना हा माणूस? विचारलं तर म्हणाले, वारा खायला आलोय.

तेव्हा होकार धाड, मोठ्या अक्षरात.

तुझ्या लोभावर आणि फणसपोळीवर कायमचा हक्क सांगणारा,
देवेश

*

आचरा,
१० फेब्रुवारी २०२१

चि. देवेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे झिला, होकार म्हणजे काय शेजारणीकडची वाटीभर साखर आहे, मागितली की दिली? शाळेत गणितात तू काय दिवे लावलेस ते मी बघितलंय, आता मशीनकडून गणितं करून घेतोस ते बरंच आहे. पण आधी एक गणित तू कर.

एक कार्ड किती वॉट खातं? सहा किती खातात? बाकीचं मशीन किती? बेरीज कर आणि त्यावर निदान पाव हिस्सा मोकळा ठेव. हजार वॉटच्या कामाला हजाराची वस्तू लावायची नाही. इस्त्री आपण अर्धा तास चालवतो, तू इस्त्री दिवसरात्र चालवायला निघालायस, हे ध्यानात घे.

आणि पाटीवर दोन हजार लिहिलं म्हणून दोन हजार होत नाही. पाटी काय, कोणीही ठोकतं. तो डबा आधी उचलून बघ. मग एखादा खात्रीचा, कमी वॉटचा डबा उचल. तुझ्या हाताला कळत नसेल तर काट्यावर ठेव. आत तांबं असेल तर वजन लागेलच. वजन मला कळव. तोवर प्लगला हात लावलास तर मी तिथे येऊन तुझे कान उपटीन, सत्तरी झाली म्हणून जमणार नाही असं समजू नकोस.

दत्तूच्या जिन्यात उभं राहण्यावरून त्याला चिडवू नकोस. शुभाला आशीर्वाद.

माया आहे म्हणूनच ओरडते, हे कळून घेणारी,
तुझी आत्या

*

कांदिवली,
१८ फेब्रुवारी २०२१

ती. स्व. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन हजारवाला डबा घेऊन खालच्या सीतारामच्या किराणा दुकानात गेलो. बरोबर कॅफेतला जुना साडेसातशे वॉटचा डबाही नेला. काट्यावरची साखरेची पिशवी बाजूला करून सीतारामने तोंड वेडंवाकडं केलं, पण वजन केलं. साडेसातशेवाला भरला एक किलो आठशे ग्रॅम. दोन हजारवाला जेमतेम एक किलो. मागे उभ्या बायका हसल्या. वाट लागली असती, आत्या. दुकानदाराशी हुज्जत घालून तो परत केला.

आता गणित. कार्ड दीडशे वॉट, सहाचे नऊशे, बाकी मशीनचे शंभर. हजार झाले. तुझा पाव हिस्सा धरून साडेबाराशे लागतात. म्हणून चांगल्या कंपनीचे साडेआठशेचे दोन सप्लाय घेतले, वजन करूनच. म्हणजे दोघांवर निम्मा निम्मा भार, कोणालाच धाप लागणार नाही. दोघं एकदमच चालू व्हावेत म्हणून मध्ये एक छोटी पट्टी जोडतात. आणि ज्या कार्डाला ज्या सप्लायची वीज, त्याच्या सगळ्या वायरी त्याच सप्लायच्या. वायरमन प्रीतमने मीटरपासून जाड वायर ओढून वेगळा पॉइंट काढलाय, अर्थिंगही तपासलं.

एक सांगायचं राहिलं. जेवताना मी काट्याची गंमत सांगत होतो. बाबांचा हात ताटातच थांबला. वजन करून बघायचं तिने सांगितलं का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर पानावरून उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. माझं काही चुकलं का?

तुझ्या शिव्याही जपून ठेवणारा,
देवेश

*

आचरा,
२५ फेब्रुवारी २०२१

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. हे पत्र वाचून झालं की दत्तूच्या हातात दे.

माझा डावा हात भाजलेला तुम्ही मुलांनी लहानपणापासून बघितलाय. तेल उडालं, एवढंच तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते वड्यांचं समजलात, आम्ही समजू दिलं. ते ट्रान्सफॉर्मरचं तेल होतं.

चौऱ्याऐंशी साली शेठने बाहेरून एक जुना ट्रान्सफॉर्मर आणला, वर नवी पाटी ठोकलेली. हातगाडीवरून मी आणि दत्तूने तो उचलून टेस्टिंगच्या टेबलावर ठेवला. पाटीवरच्या आकड्याइतका भार लावून बटण दत्तूने दाबलं. ट्रान्सफॉर्मर फुटला आणि मी शेजारीच उभी होते. मी दवाखान्यात होते तो महिनाभर दत्तू रोज येऊन बसायचा, आणि बटण मी दाबलं, बटण मी दाबलं, याशिवाय दुसरं बोलायचा नाही. मग टेस्टिंग सोडून त्याने स्टोअरचं काम धरलं.

चूक त्या पाटीची होती, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. उचलतानाच तो मला हलका लागला होता. एवढ्या मोठ्या पाटीला एवढं कमी वजन नसतं, हे माझ्या हातांना कळलं होतं. पण शेठ समोर उभा होता, आणि बाईमाणसाने मध्ये बोललं की सगळे हसायचे. मी तोंड उघडलं नाही. सदतीस वर्षं ती चूक माझ्या भावाने एकट्याने वाहिली आणि मी वाहू दिली. याची मला फार लाज वाटते, दत्तू.

देवेश, तुझं गणित बरोबर आहे. हा घे होकार, मोठ्या अक्षरात: लाव.

पहिलं बटण दत्तूने दाबावं असं मला वाटतं. त्याला नको असेल तर आग्रह करू नका.

तुम्हा दोघांच्याही लोभाला आज थोडी घाबरणारी,
सुलक्षणा

*

कांदिवली,
९ मार्च २०२१

ती. बायस,
दत्तारामचा शि. सा. न.

पत्र लिहायची सवय गेली, अक्षर चालवून घे. देवेशने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि शुभाला घेऊन खाली फिरायला गेला. पोरगा शहाणा आहे. मी तीनदा वाचलं आणि रडलो.

काल दुपारी मशीन जोडून तयार होतं. शुभा सवयीने बटणाकडे निघाली, तिला थांब म्हटलं. दोन्ही सप्लाय सोडवून माझ्या हातात दे, असं पोराला सांगितलं. एकेक उचलून बघितला. चांगले जड आहेत. परत लावून घेतले, दोघांना लांब उभं केलं आणि बटण मी दाबलं. सहाही कार्डांचे पंखे एकदम फिरायला लागले. तासभर खुर्ची टाकून तिथेच बसलो, वायरींना हात लावून बघत होतो. जराशा कोमट, बाकी काही नाही. देवेश शिट्टी वाजवत होता. ती शिट्टी किती महिन्यांनी ऐकली असेल.

आता माझं ऐक. तुला तो ट्रान्सफॉर्मर हलका लागला, असं लिहिलंस. बाय, मलाही लागला होता. पण मला वाटलं, पलीकडून बाय जास्त भार घेतेय. तू नेहमीच घ्यायचीस. म्हणून मी काही बोललो नाही.

मे महिन्यात गाड्या नीट चालू असल्या तर आचऱ्याला येतो, मग समोर बसून बोलू. हे पत्र टाकायला आता पोस्टात निघालोय. मशीन चालू आहे, मेन स्विचही चालूच ठेवलाय.

तुझी माया होतीच, आता ती मान वर करून घेईन.

तुझा,
दत्तू